पटकीचें विष आणि मिठाची पेज



नवरात्राच्या दिवसांत नागपूरहून हैदराबादकडे जाणाऱ्या हमरस्त्यानें प्रवास करणाऱ्यास यवतमाळ जिल्ह्यांत पांढरकवड्याजवळ यात्रेकरूंची गर्दी लागते. केळापूरच्या जगदंबेच्या दर्शनास निघालेलीं हीं माणसें असतात. केळापूर हें गांव लहान; पण सबंध तालुक्यास त्याचेंच नांव आहे, आणि तालुक्याच्या कचेऱ्या मात्र शेजारच्या पांढरकवड्यास आहेत. कापसाचा हा मुलूख. आसपास कोलाम आणि गोंड यांचीं खेडीं. पावसाळा नुकताच सरत आलेला असतो, विहिरी वरपर्यंत भरलेल्या असतात, आणि दूरवरून आलेला माणूस जेथें मिळेल तेथें पाणी पितो.

अशा यात्रेहून परतलेल्या एका घराची आपण कल्पना करूं. घरांत आजी आहे, सून आहे, दोन वर्षांचा नातू आहे. तिसऱ्या दिवशीं पहांटे नातवाला जुलाब सुरू होतात. अगदीं पाण्यासारखे, तांदळाच्या धुवणासारखे. दोन घटकांत पोर मलूल होतें. सून वाटीनें पाणी पाजूं लागते, तों आजी म्हणते, “सूनबाई, पाणी देऊं नको. एक घोट आंत गेला कीं दोन घोट बाहेर येतात. त्याच्या पोटाला जरा विसावा दे.”

आजीच्या या बोलण्यांत माया आहे, आणि डोळ्यांनीं पाहिलेला अनुभवहि आहे. तरीहि हाच सल्ला आजवर असंख्य मुलांच्या जिवावर बेतला आहे. तो चुकीचा कां, हें समजण्यासाठीं आज आपणांस आंतड्याच्या एका पेशीच्या आंत जावें लागेल. तेथें पटकीचें विष एका विकरावर कसा ताबा मिळवितें, आणि कोणत्या विकरांना तें हातहि लावीत नाहीं, हें एकदां कळलें कीं सुनेच्या हातांतील वाटींत काय असावें याचें उत्तर आपोआप मिळतें.

हा रोग आपल्या भाषेच्या फार जुन्या ओळखीचा आहे. मराठींत आणि कोंकणींत त्याला मोडशी म्हणत; माणूस मोडून पडतो, म्हणून मोडशी. गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्यानें १५६३ सालीं गोव्यांत छापलेल्या आपल्या ग्रंथांत या रोगाचें वर्णन केलें आहे, आणि त्याचें देशी नांव म्हणून हाच शब्द पोर्तुगीज वळणानें दिला आहे. पुढें फ्रेंचांच्या तोंडीं त्या शब्दाचें रूप असें पालटलें कीं त्याचा अर्थ ‘कुत्र्याचें मरण’ असा होऊन बसला! १८१७ सालीं बंगाल्यांत उसळलेली साथ लष्करी तळांबरोबर मध्य हिंदुस्थानांत शिरली आणि १८१८ सालीं दक्षिणेंत उतरून मुंबईपर्यंत पोंचली. त्याच १८१८ च्या एप्रिलमध्यें दुसऱ्या बाजीरावाच्या फौजेची पांढरकवड्याच्या बाजूस इंग्रजी सैन्याशीं गांठ पडली आणि ती उधळली गेली. फौजा, यात्रा आणि बाजार यांच्या वाटांनींच हा रोग हिंडत आला आहे. गांवोगांवचीं मरीआईचीं ठाणीं आणि तिचा गाडा वेशीबाहेर नेऊन सोडण्याची चाल या भीतीची साक्ष अजूनहि देतात.

रोगाचें कारण शोधण्यासाठीं रॉबर्ट कॉख हा जर्मन शास्त्रज्ञ १८८३ च्या अखेरीस कलकत्त्यास आला. स्वल्पविरामासारखा वांकडा जंतु हाच पटकीचें मूळ होय, असें त्यानें १८८४ सालीं सांगितलें. हा जंतु कांहीं तरी विष निर्माण करीत असावा, असाहि तर्क त्यानें केला होता. परंतु तें विष पुढें पाऊणशें वर्षें कोणाच्या हातीं लागलें नाहीं. संशोधक तें प्राण्यांच्या रक्तांत टोचून पाहात आणि निराश होत. ज्या रोगाचें सारें नाटक आंतड्यांत घडतें, त्याचें विष आंतड्यांतच घालून पाहिलें पाहिजे, ही साधी गोष्ट कलकत्त्याच्या डॉ. शंभुनाथ डे यांनीं ओळखली. सशाच्या आंतड्याचा एक भाग दोन्ही बाजूंनीं बांधून त्यांत जंतु सोडले, तर तो भाग पाण्यानें फुगतो, हें त्यांनीं १९५३ सालीं दाखविलें. त्यानंतर त्यांनीं जंतु वाढविलेला द्रव गाळून जंतूंपासून मोकळा केला, आणि नुसत्या त्या द्रवानेंहि आंतडें तसेंच फुगतें, हें १९५९ सालीं सिद्ध केलें. जंतु नाहीं, पण रोग आहे. म्हणजे विष आहे. साध्या प्रयोगशाळेंत, तुटपुंज्या साधनांनीं लागलेला हा शोध जगांतील थोर शोधांपैकीं एक मानला जातो, मात्र डॉ. डे यांच्या हयातींत त्यांचें व्हावें तितकें कौतुक झालें नाहीं.

आतां हें विष आंतड्याचें करतें तरी काय? फार वर्षें विद्वानांचीहि समजूत आजीसारखीच होती. आंतड्याचें अस्तर सोलून निघतें, आंतून सारें खरवडल्यासारखें होतें, मग तेथें अन्नपाणी टिकणार कसें, असें ते म्हणत. मृतांच्या तपासणीवरून हें मत बनलें होतें. १९६० सालीं बँकॉक येथील जिवंत रुग्णांच्या आंतड्यांचे बारीक तुकडे काढून सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिल्याचा वृत्तांत प्रसिद्ध झाला, आणि सर्वांना नवल वाटलें. अस्तर शाबूत होतें! पेशी जागच्या जागीं उभ्या होत्या. घराच्या भिंती पडलेल्या नव्हत्या. घरांतील एक चावी तेवढी कोणीं तरी उघडी करून ठेवली होती.

ही चावी समजून घ्यावयाची तर निरोगी आंतड्याचा कारभार आधीं पाहूं. आपलें लहान आंतडें सुमारें सहा मीटर लांब असतें. त्याच्या आंतल्या अंगास मखमलीच्या लवेप्रमाणें असंख्य रसांकुर असतात. प्रत्येक रसांकुरावर पेशींची एकेरी रांग, आणि प्रत्येक पेशीच्या माथ्यावर कुंचल्याच्या केंसांसारखी अतिसूक्ष्म किनार. या किनारीवर पचनाचीं विकरें बसविलेलीं असतात. विकर म्हणजे ज्यास इंग्रजींत एन्झाइम म्हणतात तें. स्वतः न संपतां दुसऱ्या पदार्थांत घडामोड घडवून आणणारें प्रथिन. दुधांतील साखर फोडणारें लॅक्टेज, उसाची साखर फोडणारें सुक्रेज, आणि भातापोळींतील पिठाचे उरलेले तुकडे फोडून त्यांचें ग्लुकोज करणारें माल्टेज, हीं त्यांतील ठळक नांवें. हीं सारीं विकरें पेशीच्या पोटांत तयार होतात आणि मग माथ्यावर चढविलीं जातात.

या खेरीज पाण्याचा एक मोठा हिशेब तेथें रोज चालतो. चोवीस तासांत सुमारें आठ ते नऊ लिटर द्रव आंतड्यांत उतरतो. त्यांतला दोनएक लिटर आपण खाल्ल्याप्यालेला. बाकीचा लाळेचा, जठररसाचा, पित्ताचा, स्वादुपिंडाच्या रसाचा आणि आंतड्याच्या स्वतःच्या स्रावाचा. यांतील जवळजवळ सारें पाणी परत शोषलें जातें, आणि मळावाटे रोज शंभर ते दोनशें मिलिलिटरच बाहेर पडतें. म्हणजे आंतडें एका हातानें पाणी सोडतें आणि दुसऱ्या हातानें गोळा करतें. सोडणें किती आणि गोळा करणें किती, हें ठरविणारीं विकरें पेशीच्या आंत असतात. तीं अन्न पचवीत नाहींत. त्यांचें काम निरोप पोंचविण्याचें. त्यांतील एकाचें नांव ॲडेनिलेट सायक्लेज. हें विकर ‘सायक्लिक एएमपी’ नांवाचा एक लहानसा पदार्थ बनवितें. हा पेशीच्या आंतला निरोप्या. अमेरिकन शास्त्रज्ञ अर्ल सदरलँड यांनीं तो शोधून काढला, आणि त्यासाठीं त्यांना १९७१ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. आंतड्याच्या पेशींत हा निरोप्या वाढला कीं क्षार बाहेर सोडण्याचीं दारें उघडतात. तो कमी झाला कीं मिटतात.

या विकराला केव्हां चालू करावें आणि केव्हां थांबवावें, हें पाहण्यास एक पहारेकरी असतो. त्याला शास्त्रज्ञ जी-प्रथिन म्हणतात. त्याची रीति मोठी शिस्तीची. हुकूम आला कीं तो विकराला चालना देतो, आणि थोड्याच वेळांत स्वतःच स्वतःला थांबवितो.

पटकीचें विष नेमकें या पहारेकऱ्याला गांठतें. विषाच्या रेणूचे सहा तुकडे असतात. पांच तुकड्यांचें एक कडें असतें. तें पेशीच्या पृष्ठभागावरील जीएम१ नांवाच्या पदार्थाला घट्ट बिलगतें. त्याच्या आधारानें सहावा तुकडा पेशीच्या आंत शिरतो. हा तुकडा स्वतःच एक विकर आहे! तो पेशीच्याच सांठ्यांतील एका रेणूचा भाग उचलतो आणि पहारेकऱ्याच्या अंगावर कायमचा चिकटवून देतो. मग पहारेकऱ्याला स्वतःला थांबवितां येत नाहीं. ॲडेनिलेट सायक्लेज अखंड चालूं लागतें, सायक्लिक एएमपीचा पूर येतो, क्लोराइड या क्षाराचीं दारें सताड उघडतात, आणि मीठ आंत घेण्याची नेहमींची वाटहि बरीचशी बंद पडते. क्लोराइडच्या मागें सोडियम, आणि मिठाच्या मागें पाणी. कांहीं प्रौढ रुग्णांच्या शरीरांतून तासाला एक लिटरपर्यंत पाणी असें वाहून जातें. रक्त आटतें, नाडी क्षीण होते, डोळे खोल जातात. सकाळीं चालता-बोलता असलेला माणूस संध्याकाळपर्यंत दगावतो, तो विषानें जळून नव्हे. नुसतें मीठपाणी गमावून.

एवढें ऐकून आजी म्हणेल, “मग मी वेगळें काय म्हणत होतें? चावी उघडी असतां वरून पाणी ओतून उपयोग काय?” नुसत्या पाण्यापुरतें तिचें म्हणणें पुष्कळसें खरें आहे. पण घराला आणखी एक दार आहे. पेशीच्या त्याच कुंचल्यासारख्या किनारीवर एक वाहक प्रथिन बसलेलें असतें. तें सोडियमला एकट्यानें आंत घेत नाहीं आणि ग्लुकोजलाहि एकट्यानें आंत घेत नाहीं. दोघें जोडीनें आलीं तर दोघांनाहि घेतें. हें तत्त्व रॉबर्ट क्रेन या शास्त्रज्ञानें १९६० सालीं प्राग येथें मांडलें. मीठ आणि साखर हीं जोडीनें आंत गेलीं कीं त्यांच्या मागोमाग पाणीहि आंत ओढलें जातें. आणि या दाराला पटकीचें विष स्पर्शहि करीत नाहीं. एका चावीनें पाणी बाहेर धांवत असतां दुसऱ्या दारानें तें आंत घेतां येतें.

कलकत्त्याचे डॉ. हेमेंद्रनाथ चतर्जी यांनीं तोंडावाटे मीठ-साखरेचें पाणी देऊन पटकीचे रुग्ण बरे केल्याचा वृत्तांत १९५३ सालींच लिहिला होता. कलकत्ता आणि ढाका येथील संशोधकांनीं पुढें या उपायाचीं प्रमाणें ठरविलीं. पण त्याची खरी कसोटी लागली ती १९७१ सालीं. बांगलादेशच्या युद्धांत लक्षावधि निर्वासित सीमा ओलांडून आले. बनगांवच्या छावणींत पटकी शिरली. इस्पितळांत खाटा पुरेनात, शिरेंतून देण्याचें सलाइन संपत आलें. तेव्हां डॉ. दिलीप महालनोबीस यांनीं एका लिटर पाण्यास २२ ग्रॅम ग्लुकोज, ३.५ ग्रॅम मीठ आणि २.५ ग्रॅम खाण्याचा सोडा अशीं पुडकीं बांधलीं, पिंपांत द्रावण केलें, आणि पेले रुग्णांच्या आईबापांच्या, भावाबहिणींच्या हातीं दिले. छावणींत शेंकडा ३० च्या घरांत असलेलें मृत्यूंचें प्रमाण त्यांच्या रुग्णांत शेंकडा ३.६ वर आलें. डॉक्टरांच्या अभावीं घरच्याच माणसांनीं वाटी-चमच्यानें हे जीव वांचविले. २०२२ सालीं डॉ. महालनोबीस निवर्तले, मरणोत्तर पद्मविभूषण त्यांना २०२३ सालीं जाहीर झालें.

आतां पचनाच्या विकरांकडे परत येऊं; कारण आजीच्या दुसऱ्या सल्ल्याचा, म्हणजे अन्न तोडण्याचा, निवाडा तेथें होतो. पटकींत अस्तर शाबूत राहतें, त्यामुळें माल्टेजसारखीं विकरेंहि आपापल्या जागीं बहुतांशीं काम करीत असतात. म्हणूनच तांदळाची मीठ घातलेली पेज हा पटकींत उत्तम उपाय ठरला. तांदळाचें पीठ पचतां पचतां त्यांतून ग्लुकोज सावकाश सुटत राहतें, आणि तें सोडियमचा हात धरून आंत जातें. ढाक्याच्या संशोधकांनीं तांदळाच्या पिठाचें असें द्रावण देऊन पाहिलें, तेव्हां पटकीच्या रुग्णांचे जुलाब साखरेच्या द्रावणापेक्षांहि कमी झाल्याचें आढळलें. आपल्या घरांत आजाऱ्याला पेज देण्याची जी रीत होती, तिच्या पाठीशीं शास्त्र उभें राहिलें तें असें.

मात्र सगळे जंतु पटकीच्या जंतूसारखे वागत नाहींत. ई. कोलाय या जंतूच्या कांहीं जातींचें एक विष अगदीं पटकीच्याच रीतीनें वागतें. त्यांचें दुसरें विष ग्वानिलेट सायक्लेज नांवाच्या निराळ्या विकराला चेतवितें, पण परिणाम तोच, पाण्यासारखे जुलाब. याउलट जपानी शास्त्रज्ञ कियोशी शिगा यांनीं १८९७ सालीं शोधलेल्या आमांशाच्या जंतूचें विष पेशींतील प्रथिनें बनविणारें यंत्रच बंद पाडतें. ज्या पेशीला नवें प्रथिन करतां येत नाहीं, ती नवें विकर कोठून करणार? ती पेशी अखेर मरते. असे जंतु आंतड्याच्या अस्तरावरच घाव घालतात, म्हणून मळांत रक्त दिसतें. कांहीं जंतु पेशीच्या माथ्यावरची ती कुंचल्यासारखी किनारच उखडून टाकतात, आणि लहान मुलांत फार आढळणारा रोटा नांवाचा विषाणु रसांकुरांच्या टोंकांवरील पेशी मारतो. लॅक्टेज हें विकर मुख्यतः त्याच टोंकांकडे असतें. तें उणें पडलें कीं दुधांतली साखर न पचतां खालीं उतरते, आपल्याबरोबर पाणी ओढते, मोठ्या आंतड्यांत आंबते. पोट फुगतें आणि आंबट वासाचे जुलाब कांहीं दिवस रेंगाळतात. हें नुकसान तात्पुरतें असतें. अस्तराच्या पेशी दर चार-पांच दिवसांनीं नव्या येतात, आणि त्यांच्याबरोबर विकरेंहि. म्हणून वरचें दूध कांहीं दिवस पचलें नाहीं तरी घाबरूं नये; आणि अंगावर पिणाऱ्या मुलाचें आईचें दूध तर कोणत्याहि परिस्थितींत तोडूं नये.

पेशींच्या या अल्पायुष्यांतच रोग्याच्या आशेचें मूळ आहे. ज्या पेशीच्या पहारेकऱ्यावर विषाचा डाग पडला, ती पेशी कांहीं दिवसांत गळून जाते आणि तिच्या जागीं कोरी पेशी येते. तेवढे दिवस माणसाचें मीठपाणी भरून काढलें, तर बरें होण्याचें काम शरीर आपलें आपण करतें. औषधानें जंतु लवकर मरतात, जुलाबांचे दिवस कमी होतात. पण जीव वांचतो तो पाण्यानें.

तेव्हां सुनेच्या वाटींत काय असावें? औषधांच्या दुकानांत आणि सरकारी दवाखान्यांत मिळणारें ओआरएसचें पुडकें सर्वांत चांगलें. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००२ सालच्या सुधारलेल्या प्रमाणाप्रमाणें एका लिटरला त्यांत २.६ ग्रॅम मीठ, १३.५ ग्रॅम ग्लुकोज, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि २.९ ग्रॅम सायट्रेट असतें. पुडक्यावर लिहिलें असेल तितक्याच पाण्यांत तें सबंध विरघळवावें. पुडकें नसेल तर एक लिटर उकळून निवविलेल्या पाण्यांत चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. मापांत चूक करूं नये. मीठ अधिक झालें तर मुलाला अपाय होतो, आणि साखर अधिक झाली तर जुलाब वाढतात. चमच्या-चमच्यानें पाजावें, ओकारी झाली तर दहा मिनिटें थांबून पुन्हा सावकाश सुरू करावें. अन्न चालू ठेवावें. सहा महिन्यांवरील मुलास रोज २० मिलिग्रॅम जस्त चौदा दिवस देण्याची शिफारस आहे. त्याच्या गोळ्या दवाखान्यांत मिळतात. मूल गुंगूं लागलें, पिईनासें झालें, रडतांना डोळ्यांत पाणी येईना, लघवी बंद झाली, चिमटीत धरलेली पोटाची कातडी चटकन सपाट होईना, किंवा मळांत रक्त दिसलें, तर क्षणहि न दवडतां इस्पितळ गांठावें, आणि वाटेंतहि पाजणें सुरूच ठेवावें. अशा वेळीं शिरेंतून द्यावयाच्या पाण्याला पर्याय नसतो.

शहरांतील श्रोत्यांस वाटेल, पटकी ही गोष्ट आतां इतिहासजमा झाली. तशी ती झालेली नाहीं. २०२२ च्या जुलैमध्यें केळापूरच्याच वऱ्हाडांत, अमरावती जिल्ह्यांत पटकीची साथ आली आणि पांच माणसें दगावल्याचें वृत्त प्रसिद्ध झालें. मेळघाटांतील चिखलदरा तालुक्याच्या ज्या गांवांत ती उद्भवली, तेथें नळाचें पाणी बंद पडल्यामुळें लोकांवर उघड्या विहिरीचें पाणी पिण्याची पाळी आली होती. पेशीच्या आंतली चावी कशी बिघडते, हें शास्त्रानें शोधलें. गांवच्या नळाची चावी चालू ठेवणें हें तुमचें-आमचें आणि आपण निवडून दिलेल्यांचें काम आहे. स्वच्छ पाणी मिळेल तेथें हें विष पेशीपर्यंत पोंचणारच नाहीं.

तोंवर त्या पहिल्या घरांत परत जाऊं. आजीला दुखवूं नका. ती पोटाला विसावा द्या म्हणते, तिला एवढेंच सांगा: “आई, त्याचें पोट थकलेलें नाहीं, त्याच्या आंतलें एक दार उघडें राहिलें आहे, आणि दुसरें दार आपली वाट पाहतें आहे.” मग चुलीवर पेज ठेवण्याचें काम तिच्याकडेच द्या. मीठ किती घालावें, तें मात्र मोजून द्या.